बडोद्यात दोन दिवस

‘शुक्रवारी रात्री निघतोय, रविवारी रात्रीची परतीची गाडी. बडोद्यात काय काय बघून होईल?’ असा मेसेज मला महिन्यातून एकदा तरी येतो. कधी मुंबईच्या मावसबहिणीचा, कधी कॉलेजच्या मैत्रिणीचा, तर कधी त्या मैत्रिणीच्या नणंदेचा. सोबत यादीही तयार असते. लक्ष्मी विलास पॅलेस, स्टॅच्यू ऑफ युनिटी, पावागड, खरेदी आणि जमलंच तर अहमदाबाद!

मी कंटेंट रायटर आहे. ‘अमुक शहरात बघण्यासारखी दहा ठिकाणं’ अशा याद्या लिहिणं हा माझा रोजचा धंदा. पण माझ्या स्वतःच्या गावाचं कुणी विचारलं की माझी यादी वाढत नाही, उलट कमी होते. जन्म इथला, शाळा-कॉलेज इथलं, घर दांडिया बाजारात. त्यामुळे पाहुण्यांना मी पहिल्यांदा दोन गोष्टी खोडायला सांगते.

स्टॅच्यू ऑफ युनिटी बडोद्यापासून साधारण 90 किलोमीटरवर आहे. 182 मीटर उंचीचा तो पुतळा आणि आजूबाजूचा परिसर बघायला पूर्ण एक दिवस जातो. पावागड 50 किलोमीटरच्या आसपास. त्याच्या पायथ्याचं चांपानेर 2004 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं आणि तेही घाईत उरकण्यासारखं नाही. त्यासाठी तिसरा दिवस काढा किंवा पुन्हा या. हे दोन दिवस फक्त बडोद्याचे.

आधी थोडी ओळख

1974 पासून शहराचं नाव अधिकृतपणे वडोदरा आहे, पण मराठी घरांत ते बडोदाच राहिलं. गायकवाडांच्या राज्यामुळे इथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबं आहेत. जुने गुजराती शेजारी आम्हाला ‘दक्षिणी’ म्हणतात. आमच्या मराठीला गुजरातीचा वास आहे, हे पुण्याचे नातेवाईक हसून सांगतात. माझी आजी ‘चल ने लवकर’ म्हणते आणि त्यात तिला काहीच वेगळं वाटत नाही.

आज तुम्ही जे बडोदं बघायला येता, ते बरंचसं महाराजा सयाजीराव तिसरे यांनी उभं केलेलं आहे. ते मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे, शेतकरी घरातले. 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं आणि बारा वर्षांचा खेड्यातला मुलगा गादीवर बसला. म्हणजे या शहराचा सगळ्यात लाडका राजाही बाहेरूनच आला होता. पुढे 1906 मध्ये त्यांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं.

शनिवार सकाळ: राजवाडा

मुंबईहून बडोदा साधारण 390 किलोमीटर. वेगवान गाडीनं चार-पाच तास लागतात, रात्रीच्या गाडीनं निघालात तर पहाटे उतरता. राहण्यासाठी स्टेशनजवळचं सयाजीगंज किंवा अलकापुरी सोयीचं. आंघोळ, नाश्ता आटोपून सकाळीच लक्ष्मी विलास पॅलेसला जा. दुपारी बाहेरच्या हिरवळीवर ऊन तापतं आणि मुलं कंटाळतात.

हा राजवाडा 1890 मध्ये पूर्ण झाला. मेजर चार्ल्स मँट यांनी त्याचा आराखडा केला आणि त्यांच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझम यांनी काम पुरं केलं. राजघराणं आजही इथे राहतं, त्यामुळे काही भागच बघायला खुला असतो. ऑडिओ गाइड जरूर घ्या. दरबार हॉलची मोझॅइकची जमीन आणि रंगीत काचांच्या खिडक्या नुसत्या फोटोपुरत्या बघू नका, पाच मिनिटं तिथे शांत उभे राहा. आवारातल्या महाराजा फतेहसिंह म्युझियममध्ये राजा रविवर्मा यांची मूळ चित्रं आहेत. आपल्या आजीच्या देवघरात ज्यांच्या छापील प्रती असायच्या, त्या चित्रकाराच्या हातचे रंग इथे समोर दिसतात. माझी आई तिथे दरवेळी साड्यांचे काठ बघत रेंगाळते.

दुपारी जेवून चक्क झोप काढा. गुजरातेत दुपारी दुकानंसुद्धा विश्रांती घेतात.

शनिवार संध्याकाळ: जुनं गाव

चारनंतर रिक्षानं रावपुऱ्यात या आणि तिथून पुढे पायीच चाला. आधी तांबेकर वाडा. मराठा काळातल्या एका दिवाणांचा हा लाकडी वाडा, आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. आतल्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली रंगीत चित्रं आहेत. पुराणातल्या कथा आणि त्या काळची माणसं शेजारी शेजारी. वेळ आधी विचारून घ्या, कारण तो लवकर बंद होतो.

तिथून सूरसागर तलाव आणि त्याच्या मधोमध उभा असलेला शंकराचा उंच पुतळा. जवळच न्यायमंदिराची देखणी इमारत, जिथे कैक वर्षं शहराचं न्यायालय चालत होतं. मग लेहरीपुरा दरवाजातून आत शिरलात की बाजाराची गर्दी तुम्हाला आपोआप मांडवीपर्यंत ढकलत नेते. मांडवी म्हणजे चारी बाजूंनी कमानी असलेली जुनी वास्तू, तटबंदीच्या आतल्या गावाचा मध्य. चणियाचोळी, बांधणी, ऑक्सिडाइज्ड दागिने हे सगळं इथेच. भाव करायला लाजू नका. दुकानदारही तीच अपेक्षा ठेवून असतो.

मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी मात्र कुठल्याच ‘टॉप टेन’मध्ये नसते. सयाजीरावांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात मोफत वाचनालयांचं जाळं सुरू केलं, त्याचं हे केंद्र. पुस्तकांचे लोखंडी मजले आणि त्यांमधली काचेची जमीन, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत यावा. मी इथे मराठी वाचायला शिकले असं म्हटलं तरी चालेल. शाळा इंग्रजी माध्यमाची, खेळ गुजरातीत आणि मराठी फक्त घरात बोलायची भाषा. आजोबा इथून पुस्तकं आणायचे, म्हणून ती माझ्यासाठी लिहायचीही भाषा झाली.

खायचं काय?

पहिलं नाव सेव उसळ. वाटाण्याची झणझणीत उसळ, वर मूठभर सेव, बारीक चिरलेला कांदा, सोबत पाव आणि वेगळ्या वाटीत तरी. मिसळीची ही गुजरातेत वाढलेली बहीण. कोल्हापूरकर ‘तिखट नाही’ म्हणतील, त्यांनी तरी जास्त मागावी. रविवारी सकाळी फाफडा-जिलेबी, सोबत पपईचा संभारो आणि तळलेली मिरची. घरी न्यायला लीलो चेवडो, म्हणजे बटाट्याचा ओलसर आंबट-गोड चिवडा, आणि रावपुऱ्यातले दुलीरामचे पेंडे. थंडीत आलात तर उंधियू सोडू नका.

रविवार सकाळ: कमाटी बाग

सयाजी बागेला आम्ही अजून कमाटी बागच म्हणतो. 1879 पासून ती सगळ्यांसाठी खुली आहे आणि स्टेशनपासून चालत जाण्यासारखी आहे. सकाळी सातला या. योगा करणारे आजोबा, वडाखाली पत्ते कुटणारी मंडळी, पळणारी कॉलेजची मुलं असं सगळं गाव तिथे भेटतं. बागेतून विश्वामित्री नदी वाहते आणि तिच्यात खऱ्याखुऱ्या मगरी आहेत. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या रस्त्यांवर आणि अंगणात आल्या होत्या. म्हणून मुलांचा हात धरा आणि पुलावरूनच बघा.

बागेतलं म्युझियम 1894 चं. मुलांना घेऊन आला असाल तर निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आणि इजिप्तची ममी एवढ्यावर तुमचे दोन तास सहज जातील. तिथून जवळच कीर्तिमंदिर आहे, गायकवाड घराण्याचं स्मारक. आत नंदलाल बोस यांनी रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. शिल्लक वेळ असेल तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या आर्ट्स फॅकल्टीचा घुमट बाहेरून बघा. त्याच घुमटाखाली मी बीएची तीन वर्षं इंग्रजी शिकले.

त्याच बागेतली एक जागा

आता शेवटची जागा. ही मी प्रत्येक पाहुण्याला दाखवते, तीही मुद्दाम शेवटी. कमाटी बागेत संकल्पभूमी म्हणून ओळखली जाणारी जागा आहे.

बाबासाहेब आंबेडकरांना परदेशी शिकायला सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली होती. त्या करारानुसार 1917 मध्ये ते नोकरीसाठी बडोद्याला आले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला तरुण, पण शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. शेवटी ते पारशी नाव लावून एका पारशी सराईत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा म्हणून बजावून गेली. बाबासाहेबांनी आपल्या दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनी वेगवेगळी कारणं दिली, जागा कुणीच दिली नाही. मग मुंबईची रात्रीची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी या बागेत बसून काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे स्वतः लिहिलं आहे.

पाहुणे इथे गप्प होतात. कुणी म्हणतं, ‘अगं, सहलीत हे कशाला?’ माझ्या काकूंनी तर सरळ विचारलं, ‘आपल्याच गावाची लाज बाहेरच्यांना का दाखवायची?’

मला काकूंचा राग आला नाही. गाव आपलं असलं की त्याचं चांगलंच सांगावंसं वाटतं. पण हेही याच गावात घडलं. शिष्यवृत्ती देणारा राजा इथलाच आणि खोली न देणारं शहरही हेच. वाचनालय, म्युझियम, बाग, शाळा हे सगळं एका माणसानं सगळ्यांसाठी उघडं केलं, तरी घरांची दारं उघडायला लोकच लागतात. दोन्ही गोष्टी बघितल्याशिवाय बडोदं अर्धंच कळतं.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर कदाचित मी इतक्या आग्रहानं सांगितलं नसतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात विदर्भातून एक मैत्रीण आली. भाड्याची खोली शोधायला सुट्टीच्या दिवशी मी तिच्यासोबत फिरायचे. खोली आवडायची, भाडं ठरायचं, मग घरमालक गोड हसून विचारायचे, ‘पूरं नाव काय बेटा?’ आडनाव ऐकलं की अचानक त्यांचा पुतण्या तिथे राहायला येणार असायचा. एका ठिकाणी तर आम्ही जिना उतरायच्या आत फोन आला, ‘रूम गेली.’ ती काहीच बोलली नाही. ‘सवय आहे गं,’ एवढंच म्हणाली. ते ऐकून मला रडू आलं, तिला आलं नाही.

घरी येऊन मी आजीला सांगितलं. आजी शहाऐंशी वर्षांची, सोवळंओवळं पाळत वाढलेली. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘वरची खोली रिकामीच आहे ने. तिला म्हणावं, सामान घेऊन ये.’ मैत्रीण आमच्याकडे चार महिने राहिली. सुरुवातीला आजी तिच्याशी जरा बेतानंच बोलायची. दुसऱ्या महिन्यात दोघी मिळून मालिका बघायला लागल्या. निघताना मैत्रिणीनं आजीला वाकून नमस्कार केला तेव्हा आजी म्हणाली, ‘नमस्कार राहू दे, दर रविवारी ये.’ ती अजून येते, आणि जेवल्याशिवाय आजी तिला सोडत नाही.

म्हणून सहलीला आलेल्यांना मी ती जागा दाखवते. दोन दिवसांच्या पाहुण्याशी प्रत्येक शहर गोडच वागतं. त्याच पाहुण्याला तिथे राहायचं म्हटलं की शहर कसं वागतं, हे बघायला राजवाड्याचं तिकीट उपयोगी पडत नाही.

निघण्यापूर्वी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा यायचा उत्तम काळ. एप्रिल-मे टाळा, पारा चाळिशीपार जातो. नवरात्रात आलात तर गरबा रात्री उशिरा रंगात येतो, म्हणून दुपारी झोप हवीच, आणि हॉटेल खूप आधी ठरवा. 14 जानेवारीच्या उत्तरायणला अख्खं गाव गच्चीवर असतं. कुणा बडोदेकराची ओळख काढा आणि त्यांच्या गच्चीवर जा, पतंगही मिळेल आणि चिक्कीही. चालायचे बूट, टोपी, पाण्याची बाटली आणि बाजारासाठी थोडी सुटी रोकड जवळ असू द्या.

परतीची गाडी रात्रीची असेल तर संध्याकाळचे दोन तास पुन्हा कमाटी बागेत काढा. मुलं मोठी असतील तर त्यांना संकल्पभूमीची गोष्ट तिथेच बसून सांगा. ती नक्की प्रश्न विचारतील. गाडीत उत्तरं द्यायला चार-पाच तास आहेतच, आणि पेंड्यांचा पुडाही जवळ असेल.