माणिकगड पहाडावरची छायाचित्रे

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाला लागून असलेल्या जिवती तालुक्यात छायाचित्र दोन वाटांनी पोहोचले. एक वाट अभ्यासकांची, पत्रकारांची आणि सरकारी दप्तराची. दुसरी घराची, म्हणजे लग्नाच्या अल्बमची आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या फ्रेमची. पहाडावर पहिली वाट आधी पडली, आणि त्यामागे इथल्या भूगोलाइतकाच इतिहास आहे.

चंद्रपूरहून जिवतीला जाताना बल्लारपूरपाशी वर्धा नदी ओलांडून राजुऱ्यात शिरावे लागते. इंग्रजी अमलात ही नदी म्हणजे सरहद्द होती: अलीकडे मध्य प्रांत, पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. आजच्या जिवतीचा पहाड तेव्हा आदिलाबाद जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यात मोडत असे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि 1959 मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात आला. जिवती हा स्वतंत्र तालुका त्यानंतर बऱ्याच काळाने झाला. त्यामुळे इथल्या जुन्या कागदपत्रांचा आणि जुन्या चित्रांचा शोध नागपूरच्या दिशेने नव्हे, तर हैदराबादच्या दिशेने घ्यावा लागतो.

राजुऱ्यापुढे गडचांदूरचा पट्टा लागतो. चुनखडीमुळे इथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले आणि रस्त्यावर ट्रकांची वर्दळ वाढली. अमलनाला धरण मागे पडले की घाट सुरू होतो. वाटेत सागवानाच्या रानात माणिकगड किल्ला आहे. त्याची उभारणी परंपरेने नागवंशी माना राजांकडे दिली जाते. पहाडावर पोहोचल्यावर मात्र रान विरळ होते आणि कापूस, तूर, ज्वारीची शेते दिसू लागतात. गावांच्या नावांच्या शेवटी वारंवार ‘गुडा’ येते. गोंड आणि कोलाम ही इथली जुनी वस्ती. कोलामांची गणना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत केली आहे. महाराष्ट्रात असे तीनच समूह आहेत, कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड.

या मुलखातल्या गोंड-कोलामांची पहिली विस्तृत छायाचित्रे क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या कामातून आली. 1909 मध्ये व्हिएन्नात जन्मलेला हा अभ्यासक दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा भारतात होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याच्या हालचालींवर बंधने आली आणि मुक्काम हैदराबाद संस्थानात पडला. त्याच सुमारास, 1940 मध्ये, जोडेघाटच्या डोंगरात गोंड नेता कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला होता. जंगल, जमीन आणि पाण्यावरच्या हक्कासाठी पेटलेल्या या लढ्यामुळे सरकारला गोंडांच्या दुःखाची दखल घेणे भाग पडले, आणि हायमेनडॉर्फवर अभ्यासाचे काम आले. पत्नी बेटी हिच्यासह तो मार्लवाई या गोंड गावात राहिला. तिथे 1943 मध्ये गोंडांसाठी शिक्षणयोजना सुरू झाली. गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण या भागात बाजारहाटाची आणि बाहेरच्यांशी बोलण्याची भाषा मराठी होती.

त्याच्या छायाचित्रांत दिवाळीच्या दंडारी नाचातले घुसाडी नर्तक दिसतात: डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा मुकुट, अंगाला राख, खांद्यावर कातडे, हातात काठी. यजमानाच्या कुळाची कथा गाणारे परधान दिसतात, कुळाचा देव पेरसापेन याच्या पूजेला जमलेले सगे दिसतात. छायाचित्र येण्याच्या कितीतरी आधीपासून घराण्याची आठवण जपण्याचे काम परधानांकडेच होते. ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे पुस्तक 1948 मध्ये निघाले. छायाचित्रे आणि चित्रफिती पुढे लंडनच्या ‘सोआस’ संस्थेच्या संग्रहात गेल्या. अशा अभ्यासपर चित्रांखाली बहुधा जमातीचे आणि गावाचे नाव असते, चेहऱ्याच्या धन्याचे क्वचित. ही उणीव मोठी आहे, कारण नाव नसलेले चित्र नातवंडांच्या हाती लागले तरी ते आपल्या आजीचे आहे, हे त्यांना कोण सांगणार? हायमेनडॉर्फ दांपत्याचे गोंडांवरचे प्रेम मात्र खरे होते. बेटीचे 1987 मध्ये निधन झाल्यावर तिची समाधी मार्लवाईत बांधली गेली. पुढे त्याच्या अस्थीही तिथेच आणल्या गेल्या, आणि दरवर्षी 11 जानेवारीला गोंड तिथे जमतात.

चित्रे परत नेता येतात, याचे एक उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. ॲक्सल पॉइग्नंट या छायाचित्रकाराने 1952 मध्ये आर्नहेम लँडमधल्या लिव्हरपूल नदीकाठी आदिवासी कुटुंबांसोबत राहून चित्रे टिपली होती. त्याच्या मृत्यूनंतर पत्नी रोझलिन ती घेऊन त्या लोकांच्या वंशजांकडे गेली. चेहरे ओळखले गेले, नावे लागली, आणि अभ्यासाचा ऐवज पुन्हा घरचा झाला. तिथे मृत व्यक्तीचे चित्र दाखवण्याआधी तशी सूचना देण्याची रीतही आता रूढ झाली आहे. माणिकगड पहाडालाही अशा कामाची गरज आहे, आणि चेहरे ओळखू शकणारी म्हातारी माणसे आहेत तोवरच ते होऊ शकते.

पहाडावर गोंड-कोलामांखेरीज आणखी एक मोठा समाज आहे. 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून अनेक कुटुंबे पोट भरायला इथे आली आणि जमीन कसू लागली. त्यांच्या दृष्टीने जुना फोटो म्हणजे वास्तव्याची खूण. पण वनहक्क कायद्याची अट कडक आहे: बिगर-आदिवासी दावेदाराला 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. सत्तरच्या दशकात आलेल्या कुटुंबाला हे कसे जमणार? आदिवासींना ही 75 वर्षांची अट लागू नाही. तरी दाव्यासोबत पुरावे लागतातच, आणि नियमांनी शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, वंशावळ, वडीलधाऱ्यांचे निवेदन यांच्याबरोबर संशोधनपर अभ्यासही पुराव्यात धरले आहेत. म्हणून अभ्यासकाने केलेल्या नोंदीचे मोल इथे ग्रंथालयापुरते राहत नाही.

सीमेवरच्या चौदा गावांत तर ओळखपत्रेच दुहेरी आहेत. परंडोली, मुकादमगुडा, महाराजगुडा, लेंडीजाळा ही त्यातली काही. न्यायालयाचा 1997 चा निकाल महाराष्ट्राच्या बाजूने असूनही दोन्ही राज्ये इथे मतदार नोंदवतात, शिधापत्रिका देतात, शाळा चालवतात. एकाच माणसाचा फोटो दोन मतदार याद्यांत सापडतो. महाराजगुड्यात राज्यांची सीमा एका घराच्या मधून जाते: काही खोल्या महाराष्ट्रात, काही तेलंगणात. डिसेंबर 2022 मध्ये या घराची छायाचित्रे देशभर झळकली. बातमीचे कुतूहल ओसरले. वनजमिनीच्या पट्ट्याचा प्रश्न मात्र गावकऱ्यांपुढे उभाच राहिला.

याच परिसरात गोंडांची देवी जंगुबाई हिचे गुहेतले स्थान आहे. पौष महिन्यात तिथे दोन्ही राज्यांतले गोंड कुळाकुळाने येतात, पूजा करतात, मुक्काम करतात. आता जवळजवळ प्रत्येक कुटुंबाकडे मोबाईल असतो, आणि वर्षातून एकदा भेटणाऱ्या सोयऱ्यांचे फोटो तिथेच काढले जातात. हे फोटो काढणारेही घरचेच, त्यामुळे कोण कोणाचा, हे विचारायला बाहेर जावे लागत नाही.