गाळात झोपलेलं कासव



वैशाखात तळ्याचा गाळ काढत होतो. जेसीबी परवडत नाही, म्हणून घरचीच चार माणसं, कुदळ आणि घमेली. वरचा थर तडकलेला, हातभर खाली ओल. तिथं कुदळीला टणक लागलं. दगड समजून उकरलं तर कासव, ताटलीएवढं. मान आत, पाय आत, मागच्या पायांवर पोटाकडच्या झडपा घट्ट मिटलेल्या. पावसाळ्यात खाचरात दिसतं तेच.

नात म्हणाली, "आजा, मेलंय का?" मी पाण्याचा हात फिरवला. जरा वेळानं पाय हलला. ती लगेच टब घेऊन आली. पाळायचं म्हणे. शेजारी म्हणाले, विहिरीत सोडा, पाणी स्वच्छ राहतं, घरात कासव शुभ.

मी गप्पच बसलो. तीस वर्षांपूर्वी असंच एक मीच विहिरीत सोडलं होतं. बांधीव विहीर, कडा उभ्या. त्याला वर यायला जागाच नाही. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं आणि ते मेलेलं वर आलं. आठ दिवस पाणी उपसत होतो. चूक माझीच.

थंड देशांत लोक पाळलेलं कासव हिवाळ्यात झोपवायचं की नाही याचा विचार करतात. आपल्याकडं उलटं. तळं आटलं की हे कासव गाळात शिरतं आणि पावसाची वाट बघत पडून राहतं. तेव्हा ते खात नाही, अंगातलं साठवलेलं पुरवून वापरतं. मधेच जागं केलं तर तो साठा उगाच खर्च होतो, आणि बाहेर ना पाणी ना खाणं. म्हणजे झोपवायचं का हा प्रश्नच नव्हता. झोपलेल्याला उठवायचं का, एवढंच ठरवायचं होतं.

शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. पाळलं तर तुरुंगवास होऊ शकतो. वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन करून विचारता येतं.

जिथं सापडलं तिथंच ठेवलं. वर ओला गाळ, त्यावर पळसाचा पाला, आणि तो कोपरा तसाच सोडला. दोन ब्रास गाळ कमी निघाला, म्हणजे एका खाचराला खत कमी. मुलगा कुरकुरला. नात दोन दिवस बोलली नाही, पण रोज जाऊन पाला बघून यायची.

मृगाचा पाऊस बरा झाला. चौथ्या दिवशी ती पळत आली. पाला बाजूला, गाळात बशीएवढं भोक, आत कोणी नाही. पुढं आवणीला चिखलात एक कासव दिसलं, गोगलगायी शोधत होतं. तेच का, ते सांगता येत नाही.

गाळ काढताना जेसीबीवाल्याला एवढं सांगा, कडेचा ओला कोपरा शेवटी घ्या, आणि आधी हातानं उकरून बघा. तुमच्या तळ्यात कधी सापडलं का? कळवा.