म्हार्दोळच्या जाया

फोंड्याजवळ म्हार्दोळला महालसेच्या दर्शनाला गेलात, की वाटेवर जायांच्या फाती घेऊन बसलेल्या बायका दिसतात. पावसाळ्यात देवीची जायांची पूजा होते, ती याच फुलांनी. सॉफ्टवेअरची नोकरी सांभाळून मी लग्नाच्या वेण्यांच्या ऑर्डरी घेते, त्यांची फुलं इथलीच. जाईची कळी उमलण्याआधी खुडतात, केळीच्या दोऱ्यात गुंफतात. रात्री केसांत ती फुलते. माल साठवता येत नाही, म्हणून आधी ऑर्डर, मग खुडणी. माझ्या चार कळ्या गुंफून होईपर्यंत मावशींची वीतभर फात होते. हे काम त्यांच्या मुलींनी पुढे करावं, तर हाताला दाम मिळायला हवा. म्हणून गुंफण्याची मजुरी मी बिलात वेगळी लावते. तुम्हीही फात घ्याल तेव्हा घासाघीस करू नका.