गाळ पाण्यातला की सळईचा?

दिवाळीच्या आधी पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारा एक मुलगा आमच्याकडे आला. ओट्यावर दोन पेले ठेवले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओ मशीनचं. दोन्हींत सळ्या सोडल्या आणि प्लग लावला. बघता बघता नळाचं पाणी हिरवट, मग तपकिरी झालं. वर गाळाचा फेस. त्याचं पाणी होतं तसंच.

"काकू, हे तुम्ही रोज पिता."

सासूबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. खरं सांगते, माझ्याही पोटात ढवळलं.

पण नळाच्या पाण्यातली एक सळई कुरतडल्यासारखी दिसत होती. मी म्हटलं, "तुमच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका बरं." तो नको नको म्हणत असताना मीच टाकलं. तेही तपकिरी झालं! मग त्याने सामान आवरलं.

रविवारी लेकीसोबत तेच करून बघितलं, पण प्लगला हात न लावता, ९ व्होल्टच्या बॅटरीवर. मिठाच्या पाण्यात दोन खिळे. अधिक टोकाचा खिळा झिजला आणि खाली गंजाचा चिखल साचला. उणे टोकाच्या खिळ्यावर नुसते बुडबुडे, खिळा जसाच्या तसा. म्हणजे गाळ लोखंडाचाच. आरओच्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे वीज जेमतेम वाहते आणि सळई विरघळत नाही. एवढीच जादू.

मग खिळ्यांऐवजी पेन्सिलीची शिसं लावली. गंज नाही, पण पोहण्याच्या तलावासारखा वास सुटला. तो क्लोरीन. लगेच तार काढली, खिडक्या उघडल्या. मिठाऐवजी धुण्याचा सोडा घातल्यावर वास आला नाही. शिसांची थोडी काळी भुकटी पडते, तेवढं चालतं. सोड्यात खिळेही फारसे गंजले नाहीत. स्टीलचा चमचा मात्र लावू दिला नाही. अधिक टोकाला स्टील लावलं की त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असू शकतं. मुलं हा प्रयोग करणार असतील तर सोडा आणि शिसंच द्या.

पुढे नळाच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला. भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. आमचे निम्म्याहून कमी निघाले. मशीन घेतलं नाही. जंतूंसाठी पाणी उकळतो. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर आधी तपासून घ्या, मशीनचं नंतर बघा.