जाऊन आल्याची साक्ष

एखाद्या स्थळीं आपण खरोखर जाऊन आलों हें दुसऱ्याला कसें पटवून द्यावें, हा प्रश्न वाटतो तितका आधुनिक नाहीं. नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना तो ओळखीचा वाटेल. उपाध्याय प्रथम गांव विचारी, मग आडनांव, मग आजोबा-पणजोबांचें नांव. उत्तरें जुळलीं म्हणजे त्या घराण्याचें पान उघडे, आणि यात्रेकरू वाडवडिलांच्या नांवांखालीं आपलें नांव लिही. आधीं प्रश्न आणि मग नोंद, हा क्रम आपल्याकडे असा जुना आहे. आमच्या घरांत गेल्या हिवाळ्यांत या क्रमावरून जो वाद झाला, त्याचें निमित्त मात्र अगदीं नव्या काळचें होतें.

माझा नातू पुण्यास नोकरीला असतो. त्याला जिओकॅशिंगचा नाद आहे. हा शब्द ज्यांना अपरिचित असेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. उपग्रहांवरून स्थान निश्चित करण्याची जी अमेरिकन योजना आहे, तिच्यांत सामान्य लोकांसाठीं मुद्दाम ठेवलेली चूक २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभीं काढून टाकण्यांत आली. लगेच ३ मे रोजीं डेव्ह अल्मर नांवाच्या गृहस्थानें ऑरेगॉन राज्यांतल्या एका रानांत बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ज्याला सांपडेल त्यानें आंतल्या वहींत नांव लिहावें, कांहीं घ्यावें आणि कांहीं ठेवावें, असा खेळ. तो पाहतां पाहतां जगभर पसरला. पुढें त्यांत असेही प्रकार निघाले कीं ज्यांत डबा नाहीं आणि वहीही नाहीं. स्थळ हाच ठेवा. २००४ सालीं ऑस्ट्रेलियांत सुरू झालेली ‘अर्थकॅश’ ही यांपैकीं एक. भूशास्त्राच्या दृष्टीनें पाहण्याजोग्या जागीं जावयाचें, मांडणाऱ्यानें विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें तेथला दगड पाहून द्यावयाचीं, आणि मग ‘सांपडलें’ अशी नोंद करावयाची.

वहींत सही नसल्यामुळें येथें सगळा भार माणसाच्या सभ्यतेवर पडतो. उत्तरें मांडणाऱ्याला खासगी रीतीनें कळवावीं, सर्वांना दिसणाऱ्या नोंदींत लिहूं नयेत. छायाचित्र लावलें तर तेंही उत्तर फोडणारें नसावें. उत्तरें धाडलीं कीं नोंद करण्याची मोकळीक असते. मांडणाऱ्याच्या होकाराची वाट पाहावी लागत नाहीं. तीस वर्षें परीक्षेचे कागद तपासण्यांत घालवलेल्या मला या नियमाचें फार कौतुक वाटलें. येथें निकाल आधीं आणि तपासणी मागून! उत्तरें मुळींच न धाडणाऱ्याची नोंद पुसण्याचा अधिकार मांडणाऱ्याला आहे, आणि तो असावाच. पण एखाद्यानें दगड पाहिला, निरखला, आणि तांबडा म्हणावयाचा तेथें तपकिरी म्हटला, तर त्याला तेवढ्यासाठीं पुन्हां शंभर मैल धाडणें हें विद्येचें लक्षण नव्हे. दोन ओळींचें पत्र लिहून विचारावें. चौघे मिळून आले असतील तर एकानें सर्वांचीं नांवें देऊन उत्तर कळवलेलें बहुधा चालतें. मात्र मांडणाऱ्यानें प्रत्येकाकडून मागितलें असेल तर कुरकुर करूं नये. मला खटकते ती दुसरीच गोष्ट. पुष्कळ जण नोंदींत आभाराच्या एका इंग्रजी वाक्याचीं चार आद्याक्षरें तेवढीं टाकून मोकळे होतात. मांडणाऱ्याला पैसा मिळत नाहीं कीं पदवी मिळत नाहीं. नोंद हेंच काय तें त्याचें मानधन. त्यांतही काटकसर?

नातवाच्या मनांत आलें, कीं अशी एक जागा वाईंत मांडावी. कल्पना वावगी नव्हती. दख्खनच्या पठारावर सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं जे लाव्ह्याचे थर सांचले, त्यांचे शास्त्रज्ञांनीं उपसमूह पाडले आहेत, आणि त्यांतल्या सर्वांत वरच्या उपसमूहाला ‘वाई’ हेंच नांव आहे. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर हे त्याचे विभाग. म्हणजे ढोल्या गणपतीमुळें आणि कृष्णेच्या घाटांमुळें आम्ही ज्या गांवाचा अभिमान बाळगतों, तें गांव दूरदेशींच्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अगदीं वेगळ्या कारणानें ठाऊक असतें. पांचगणीच्या पठारावरचा जांभा तर कोणाच्याही डोळ्यांत भरतो. पण नातवाला घाटच हवा होता, कारण लहानपणीं तो तेथें पोहावयास शिकला.

त्याचा पहिला प्रश्न मेणवलीच्या घंटेबद्दल होता: तिच्यावर कोणतें साल आहे? मीं तो तत्काळ नापास केला. एक तर घंटा हा कांहीं दगड नव्हे. दुसरें असें, कीं वसईच्या १७३९ सालच्या विजयानंतर आणलेली ही घंटा प्रवासवर्णनांतून इतकी गाजली आहे, कीं तिच्यावरचें साल कोणीही घरबसल्या सांगेल. (ज्या गांवांत मराठी विश्वकोश तयार झाला तेथें राहून मीं पुस्तकांतल्या उत्तराला कमी लेखावें, हें कोणाला चमत्कारिक वाटेल, पण पुस्तकाचें स्थान वेगळें आणि पायरीचें वेगळें.) ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पुराचें पाणी दुभंगावें म्हणून माशासारखी निमुळती बांधली आहे, तिच्यावरचा प्रश्नही असाच गळला. शेवटीं ठरलें तें असें: पायऱ्यांच्या काळ्या दगडांत कांहीं ठिकाणीं बारीक पोकळ्या दिसतात. लाव्हा निवतांना आंत अडकलेल्या वायूच्या त्या बुडबुड्यांच्या खुणा. पुढें त्यांत झिओलाइटसारखीं पांढरीं खनिजें भरलीं. असे ठिपके कोणत्या पायरींत आहेत, केवढे आहेत, आणि शेजारच्या पायरींत ते कां नसावेत?

प्रश्न वाचून दाखवला तेव्हां माझे थोरले बंधू खाटेवर पडून ऐकत होते. दादांचें वय अठ्ठ्याऐंशी. गुडघ्यांमुळें चार वर्षांत ते घाट उतरलेले नाहींत. त्यापूर्वीं साठ वर्षें रोज पहांटे त्यांचें स्नान तेथेंच. ते म्हणाले, “अरे, खालून तिसरी पायरी. उजव्या अंगाला. ज्वारीच्या दाण्याएवढे आहेत. शेजारची अगदीं गुळगुळीत, तिच्यावरून मी दोनदां घसरलों आहें.” नातू धांवत गेला आणि हंसत परत आला. ठिपके होते, ज्वारीएवढेच होते; पण पायरी चौथी होती. पूर्वीं गाळाखालीं असलेली एक पायरी तळाशीं उघडी पडली होती.

“आजोबा, पहिली नोंद मोठ्या आजोबांच्या नांवें करूं या,” तो मला म्हणाला. “इतकें कोणाला ठाऊक आहे?”

मीं नको म्हटलें. ठाऊक असणें आणि जाऊन पाहणें या दोन गोष्टी आहेत. चार वर्षांत नदीनें पायरीचा क्रमांक बदलला, हाच पुरावा पुरेसा होता. नातू चिडला. नियम माणसांसाठीं असतात, साठ वर्षांच्या येण्याजाण्याला एका दिवसाच्या भेटीइतकीही किंमत नाहीं काय, असें त्याचें म्हणणें. आणि त्यांत तथ्य नव्हतें असें मी म्हणणार नाहीं. दोन दिवस आम्ही कामापुरतेंच बोललों.

तिसऱ्या दिवशीं दादांनींच विषय काढला. खुर्चींत बसवून चौघांनीं खालीं न्यावें असें त्यांचें म्हणणें. सूनबाईंनीं तें साफ मोडून काढलें, आणि तें बरोबरच केलें. ओल्या पायऱ्यांवर चार माणसें आणि एक खुर्ची हें दृश्य मला अजून भिववतें. मग मीं नातवाला विचारलें, “तुझा प्रश्न पायरीलाच कां चिकटला आहे? गुडघे गेलेल्या माणसानें, कडेवर मूल असलेल्या बाईनें काय करावें?” तो कांहीं बोलला नाहीं, संध्याकाळीं घाटाच्या माथ्यावरचे दगड तपासूं लागला. रिक्शा जेथपर्यंत जाते तेथल्या कठड्यांत त्याला हवा तसा एक चिरा मिळाला.

रविवारीं दादांना तेथें नेलें. त्यांनीं चष्मा पुसून चिरा पाहिला, बोटानें चांचपला, ठिपके मोजून तेरा सांगितले. नातवाच्या हिशेबीं अकरा होतात. त्यानें वहींत दादांचे तेराच लिहून घेतले आहेत. जागेच्या परवानगीचा अर्ज अजून व्हावयाचा आहे. तोंवर ते दोन ठिपके खनिजाचे कीं पाखरांच्या विष्ठेचे, यावर आमच्याकडे रोज जेवतांना चर्चा होते.