कॅमेरा कुणाच्या पायांनी धावतो?

1957 सालच्या 'द क्रेन्स आर फ्लाइंग' या सोव्हिएत चित्रपटात एक शॉट आहे. वेरोनिका बसमध्ये आहे. तिचा बोरिस युद्धावर निघालाय आणि त्याला निरोप द्यायला तिला उशीर झालाय. पुढे रणगाड्यांची रांग लागल्यामुळे बस अडून पडते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यापाशी आहे. ती उठते, घाईघाईनं खाली उतरते. कॅमेराही तिच्यामागोमाग उतरतो. फुटपाथवरच्या गर्दीत ती घुसते, तोही घुसतो. मग ती थेट रणगाड्यांच्या मधून धावत सुटते आणि त्याच क्षणी कॅमेरा जमीन सोडून वर जातो. खाली दिसते धुरात आणि लोखंडात सापडलेली एवढीशी मुलगी. एवढ्या सगळ्यात मध्ये कट नाही.

हे कसं केलं असेल ते आमच्या धंद्यातल्या माणसाला कळतं. कॅमेरामन सर्गेई उरुसेव्स्की हातात कॅमेरा घेऊन बसमध्ये होता, तिच्यासोबत उतरला, गर्दीतून चालला आणि तयार ठेवलेल्या क्रेनवर चढला. कळतं, पण जमणं वेगळं. बसच्या आतला उजेड निराळा, रस्त्यावरचा निराळा. चेहरा हातभर अंतरावर, आणि पुढच्याच मिनिटाला तीच व्यक्ती क्रेनच्या उंचीवरून दिसायची. फोकस कुणी आणि कधी ओढायचा? स्टेडिकॅम यायला तेव्हा दोन दशकं अवकाश होता. मॉनिटर नव्हता. टेक बरा झाला की वाया गेला, हे लॅबमधून निगेटिव्ह धुऊन आल्यावरच समजायचं.

पण माझ्या विद्यार्थ्यांना या चित्रपटाचा दिग्दर्शक कलातोझोव म्हटलं की हा शॉट आठवत नाही. ते मोबाईलवर दाखवतात तो 'आय अ‍ॅम क्युबा'मधला: हवानाच्या हॉटेलची गच्ची, सौंदर्यस्पर्धा, वाद्यवृंद, मग कॅमेरा इमारतीच्या बाहेरून खालच्या मजल्यावर उतरतो, टेबलांमधून फिरतो आणि एका बाईमागोमाग पोहण्याच्या तलावात शिरतो. पॉल थॉमस अँडरसननं 1997 च्या 'बूगी नाइट्स'मध्ये त्याला सलाम ठोकला, तेव्हापासून त्या शॉटची कीर्ती आणखी वाढली. शॉट थोर आहे, वाद नाही. तरी दिग्दर्शक म्हणून मिखाईल कलातोझोव समजून घ्यायचा तर तलावाच्या पाण्यापेक्षा ती अडलेली बस जास्त सांगते, असं माझं अनेक वर्षांचं मत आहे, आणि दरवर्षी नव्या मुलांशी त्यावरून भांडण होतं.

कलातोझोव मूळचा कलातोझिश्विली, जॉर्जियन. 1903 साली तिफ्लिसमध्ये, म्हणजे आजच्या त्बिलिसीत, जन्मला. दिग्दर्शनात तो नाटकातून किंवा साहित्यातून आला नाही. ड्रायव्हर, प्रोजेक्टर चालवणारा, संकलक, कॅमेरामन अशा पायऱ्या चढत तो आला. सुरुवातीचा एक माहितीपट त्यानं नुत्सा गोगोबेरिद्झे या जॉर्जियाच्या पहिल्या महिला दिग्दर्शिकेबरोबर केला. पुढे स्तालिनच्या काळात तिच्या वाट्याला छळछावणी आली.

1930 चा 'सॉल्ट फॉर स्वानेतिया' हा त्याचा पहिला खणखणीत चित्रपट, आणि त्याचं छायाचित्रण करणाऱ्यांत तो स्वतः होता. कॉकेशस पर्वतात उंचावर उश्गुली नावाचं गाव, दगडी मनोऱ्यांचं. बर्फ पडलं की जगाशी संबंध तुटायचा. गावात मीठ नाही. एवढीच गोष्ट. पण या माणसानं मीठ नसण्याचा त्रास पडद्यावर आणला तो जनावरांच्या जिभांनी: घामासाठी, मूत्रासाठी, रक्तासाठी वळवळणाऱ्या जिभा. कॅमेरा मनोऱ्याच्या टोकावरून सरळ खाली पाहतो, माणसं आभाळाला तिरकी चिकटलेली दिसतात. एका अंत्ययात्रेत घोड्याला तो कोसळेपर्यंत पळवतात. शेवटी बोल्शेविक येतात, रोलर फिरतो, रस्ता होतो. प्रचारपटाचा शेवट असाच असायचा. पण त्या शेवटासाठी हा चित्रपट कुणी लक्षात ठेवलेला नाही. गंमत म्हणजे यातला बराच भाग आधीच्या एका नाकारलेल्या कथापटासाठी चित्रित केलेला होता. संकलनाच्या टेबलावर बसून त्यानं त्याचा माहितीपट केला.

पुढच्याच वर्षी 'नेल इन द बूट' आला आणि सगळं बिनसलं. चिलखती रेल्वे शत्रूच्या वेढ्यात सापडली आहे. मदत मागायला पाठवलेल्या सैनिकाच्या बुटातला खिळा वर येतो, पाय फाटतो, तो पोचत नाही. त्याच्यावर खटला भरतात, आणि तो उलट विचारतो, असले बूट केले कुणी? सैन्याला हे पचलं नाही. बंदी आली, आणि वर 'फॉर्मलिझम'चा शिक्का, म्हणजे आशयापेक्षा रूपाचे चोचले पुरवल्याचा आरोप. त्या काळच्या रशियात या शब्दानं माणसाचं काम जायचं. पुढे काही वर्षं कलातोझोव चित्रपट करताना दिसत नाही, त्बिलिसीच्या स्टुडिओच्या कारभारात दिसतो.

इथे आपल्याकडच्या लेखांत त्याचा हुतात्मा केला जातो. तो नव्हता. 1941 मध्ये त्यानं 'वालेरी च्कालोव' हा प्रसिद्ध वैमानिकावरचा चित्रपट केला. त्यात विमान लेनिनग्राडच्या पुलाखालून जातं, आणि ते खरोखर उडवलेलं विमान आहे. युद्ध चालू असताना 1943 मध्ये सोव्हिएत सिनेमाचा प्रतिनिधी म्हणून त्याला लॉस एंजेलिसला पाठवलं. परतल्यावर तो चित्रपट खात्याचा उपमंत्री झाला आणि त्यानं हॉलिवूडवर एक पुस्तक लिहिलं. 1950 चा त्याचा 'कॉन्स्पिरसी ऑफ द डूम्ड' हा अमेरिकेला शिव्या घालणारा शीतयुद्धी चित्रपट. त्याला स्तालिन पारितोषिक मिळालं. मी तो एकदा पाहिला आहे, पुन्हा पाहणार नाही. ज्या हातांनी स्वानेतियातले मनोरे टिपले, त्यांनीच हा केला यावर विश्वास बसत नाही. सगळे एका ओळीत उभे राहून भाषणं करतात आणि कॅमेरा ती ऐकत उभा राहतो.

या सरकारी वर्षांचा एक फायदा मात्र झाला, असं मला वाटतं. मोठी यंत्रणा कशी हलवायची ते त्याला कळलं. रस्त्यावर रणगाड्यांची रांग मागायला ओळखी लागतात, आणि आपल्याला ती मिळेल असा विश्वासही लागतो.

मार्च 1953 मध्ये स्तालिन गेला. वर्षभरात कलातोझोवनं 'ट्रू फ्रेंड्स' केला: चाळिशी ओलांडलेले तीन बालमित्र तराफ्यावर बसून नदीतून सहलीला निघतात, अशी हलकीफुलकी गंमत. कार्लोव्ही व्हारी महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळालं. मग 'द फर्स्ट एशेलॉन'च्या निमित्तानं उरुसेव्स्कीशी गाठ पडली, आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

उरुसेव्स्की 1908 चा. चित्रकलेचं शिक्षण झालेला, युद्धात आघाडीवर कॅमेरा घेऊन गेलेला. दिग्दर्शक पुडोव्हकिनचा शेवटचा चित्रपट त्यानंच टिपला होता. आघाडीवर ट्रायपॉड लावत बसायला वेळ नसतो. कॅमेरा छातीशी धरून पळायचं, पडायचं, पुन्हा उठायचं. पडद्यावरची ती थरथर तंत्राची चूक मानली जायची. या दोघांनी ती चूक भावनेच्या कामाला लावली. दिग्दर्शक स्वतः जुना कॅमेरामन, त्यामुळे 'हे होणार नाही' असं सांगणारं सेटवर कुणी उरलं नाही.

'क्रेन्स'ची गोष्ट विक्तोर रोझोवच्या नाटकावरून घेतलेली. बोरिस स्वतःहून सैन्यात जातो. बॉम्बवर्षावाच्या रात्री त्याचा चुलतभाऊ मार्क वेरोनिकावर जबरदस्ती करतो, आणि ती त्याच्याशीच लग्न करते. बोरिस मेल्याचं तिला ठाऊक नाही, आपल्याला आहे. सोव्हिएत युद्धपटात तोवर मागे राहिलेली स्त्री वाट पाहायची. ही वाट पाहण्यात चुकली आणि चित्रपट तिला झिडकारत नाही. आजही कुटुंबाकुटुंबात असले निकाल चटकन लागतात. 1957 साली, कोट्यवधी माणसं गमावलेल्या देशात, ही धिटाई किती मोठी होती याचा अंदाज करा.

आणि ही धिटाई संवादांत नाही, कॅमेऱ्यात आहे. सुरुवातीला बोरिस तिच्यामागे जिना चढतो, तेव्हा कॅमेरा जिन्याच्या मधोमध गोल फिरत त्याच्याबरोबर वर जातो. पुढे दलदलीत त्याला गोळी लागते, बर्चची झाडं गरगर फिरायला लागतात, आणि त्या फिरण्यात तोच जिना पुन्हा येतो, आता न झालेल्या लग्नाची वरात घेऊन. पहिल्या वेळी आपण ज्या गतीत आनंद पाहिला, तीच गती आता मरणाची आहे. मार्कच्या प्रसंगात फुटलेल्या काचा बुटांखाली कचकचतात, पडदे आत फुगतात. पुढे वेरोनिका जीव द्यायला रेल्वेच्या दिशेनं धावते तेव्हा कॅमेरा इतका हलतो की शेवटी चेहरा उरत नाही, नुसते काळे-पांढरे फटकारे उरतात. मग एक लहान पोर गाडीखाली येता येता ती वाचवते. पोराचं नाव बोरिस. लिहून पाहिलं तर मेलोड्रामा वाटेल. पडद्यावर वाटत नाही, कारण आपण तिच्याबरोबर धावून दमलेले असतो.

मुद्दा हा आहे. या चित्रपटात कॅमेऱ्याला नेहमी कुणाचे तरी पाय असतात. तो वेरोनिकाच्या पुढे जात नाही, तिच्याहून जास्त त्याला कळत नाही. आणि तो तिला सोडून वर उचलला जातो ते ती एकटी किती लहान आहे हे दाखवण्यापुरतंच. 1958 मध्ये कान महोत्सवात या चित्रपटाला पाल्म द'ऑर मिळालं, तात्याना सामोयलोवा रातोरात जगाला ठाऊक झाली.

त्यानंतरचा 'लेटर नेव्हर सेंट' सैबेरियाच्या तैगात हिरे शोधायला गेलेल्या चौघा भूशास्त्रज्ञांचा. हिरे सापडतात, मग वणवा लागतो. जळत्या झाडांमधून नट धावताहेत आणि कॅमेराही त्याच धुरातून धावतोय. माझ्या मते या चित्रपटाला पुरेसा न्याय मिळालेला नाही. कथा किरकोळ आहे हे मान्य. पण निसर्गात माणूस कसा पुसला जातो, हे इतक्या जवळून दाखवणारे चित्रपट मोजकेच.

आणि मग क्युबा. मोसफिल्म आणि हवानाची चित्रपटसंस्था यांची ही संयुक्त निर्मिती, लेखनात कवी येव्तुशेंको आणि एन्रिके पिनेदा बार्नेत. उरुसेव्स्कीनं इन्फ्रारेड फिल्म वापरली. हिरव्या पानांवरून इन्फ्रारेड किरण भरपूर परावर्तित होतात, त्यामुळे माड आणि ऊस पांढरेशुभ्र, आभाळ काळं. भिंगं इतकी वाइड की जवळ आलेला चेहरा वाकतो. मारल्या गेलेल्या विद्यार्थ्याच्या अंत्ययात्रेचा तो दुसरा प्रसिद्ध शॉट: कॅमेरा रस्त्यावरून चार मजले वर जातो, सिगार वळणाऱ्या कामगारांच्या खोलीतून जातो, ते खिडकीबाहेर झेंडा सोडतात आणि कॅमेरा त्या खिडकीतून बाहेर पडून रस्त्यावरच्या गर्दीच्या वर तरंगत राहतो. त्यासाठी कॅमेरा हातोहात दिला गेला, तारेवर अडकवला गेला. मी हा शॉट वर्गात दाखवतो, थांबवून थांबवून दाखवतो.

पण खिडकीतून बाहेर पडणारा तो कोण? तिथे उभं राहून पाहणारा कुणी माणूस नाही. शॉट शिखरावर पोचतो तेव्हा मी मेलेल्या विद्यार्थ्याला विसरलेला असतो, तार कुठे बांधली असेल याचा विचार करत असतो. तलावातही तेच. 1964 मध्ये चित्रपट लागला तेव्हा क्युबातल्या प्रेक्षकांनी 'मी क्युबा नाही' अशी त्याची टर उडवली आणि मॉस्कोतही तो कुणाच्या पसंतीला उतरला नाही. फॉर्मलिझमचा जुना शिक्का पुन्हा बाहेर निघाला. 1931 मध्ये तो आरोप अन्यायाचा होता. या खेपेला, नाइलाजानं म्हणतो, त्यात थोडं तथ्य होतं.

अपवाद एक प्रसंग. म्हातारा पेद्रो ऊस तोडतोय. मालक घोड्यावर येऊन सांगतो, जमीन युनायटेड फ्रूट कंपनीला विकली. पेद्रो पोरांना पैसे देऊन गावात पाठवतो आणि स्वतःच्या उसाला काडी लावतो. कोयत्याच्या घावाबरोबर कॅमेरा झुलतो, आगीत घुसतो. मी कोल्हापूरकडचा. जळीत उसाला कारखाना भाव कापतो, हे ऐकत वाढलेला. उभा ऊस स्वतः पेटवणारा शेतकरी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. इथे कॅमेऱ्याला पुन्हा पाय मिळाले, पेद्रोचे.

त्यानंतर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. उरुसेव्स्की स्वतः दिग्दर्शक झाला; त्याचे चित्रपट डोळ्यांना सुखावतात आणि मनातून निसटतात. कलातोझोवनं इटालियन निर्मात्याबरोबर 'द रेड टेंट' केला, 1928 च्या 'इटालिया' या हवाई जहाजाच्या ध्रुवीय प्रदेशातल्या अपघातावर. शॉन कॉनरी त्यात ध्रुवसंशोधक अ‍ॅमुंडसेन झालाय. नीटनेटका, महागडा चित्रपट. तो त्याचा शेवटचा. मार्च 1973 मध्ये तो मॉस्कोत वारला, पुढच्याच वर्षी उरुसेव्स्कीही.

क्युबाची रिळं तशीच पडून राहिली. 1992 मध्ये अमेरिकेतल्या टेल्युराइड महोत्सवात तो चित्रपट दाखवला गेला, आणि 1995 मध्ये स्कॉर्सेसी आणि कोपोला यांनी आपली नावं लावून तो तिथे प्रदर्शित करवला. म्हणून आजच्या पोरांच्या मोबाईलवर तलाव आहे, बस नाही.

तेव्हा ही दिवाळी सवडीची असेल तर क्रम उलटा करा. आधी 'क्रेन्स' पाहा, मोठ्या पडद्यावर मिळाला तर उत्तमच; फिल्म सोसायट्यांनी एवढी तसदी घ्यायला हरकत नाही. मग पाऊण-एक तासाचा 'स्वानेतिया', मग 'लेटर नेव्हर सेंट'. क्युबा शेवटी. आणि तो पाहून माझं म्हणणं चूक वाटलं तर जरूर कळवा, फक्त बसचा शॉट आधी दोनदा पाहून.