आधी पोट, मग ठोकळे

गोव्यात पेडण्यातलं कोरगाव असो की डिचोलीतलं मये, वाढीत मागे राहिलेल्या मुलाच्या घरी पहिल्यांदा गेलेली मुरलेली थेरपिस्ट पिशवीतले ठोकळे लगेच बाहेर काढत नाही. ती आधी विचारते, "शी रोज होते का? कडक होते की पातळ? बसायला घाबरतो का?" मूल बोलत नाही म्हणून बोलावलेल्या बाईने हे विचारावं, याचं घराला नवल वाटतं. आई आजीकडे बघते. आजी सांगते, "तीन दिवसांनी, कधी चार. पण मॅडम, चड्डी मात्र रोज खराब करतो."

त्या शेवटच्या वाक्यात बरंच काही कळतं. कडक मळाचा गोळा आत अडकून बसला की त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत राहतो. घरच्यांना ते जुलाब वाटतात, इतरांना खोडी. पोट दुखतंय हे सांगता येत नाही म्हणून मूल टेबलाच्या काठावर पोट दाबून धरतं, हात चावतं, मध्यरात्री उठून किंचाळतं. फाइलीत याची नोंद 'वर्तनसमस्या' अशी होते, आणि मग महिनोन् महिने त्या वर्तनावरच मेहनत चालते.

ऑटिझम असलेल्या मुलांत हे विशेष दिसतं, आणि ते नवंही नाही. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन केलं ते 11 मुलांचं. त्यांतल्या अनेकांना तान्हेपणीच खाण्यापिण्याचा त्रास होता, हे त्यांनी लिहून ठेवलंय. 2014 साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा ऑटिझम असलेल्या मुलांत पोटाच्या तक्रारी इतरांच्या चौपटीहून जास्त आढळल्या.

मग पोट सुधारलं की ऑटिझम जाईल? हा प्रश्न आईबाप विचारतात आणि त्यावर दुकानं चालतात. 1998 साली 'लॅन्सेट'मध्ये 12 मुलांवरचा एक लेख आला. आतडं, लस आणि ऑटिझम यांची त्यात घातलेली सांगड टिकली नाही आणि 2010 साली तो मागे घेतला गेला. 2021 साली ऑस्ट्रेलियातल्या 247 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गाडी उलट्या दिशेने धावताना दिसली: मूल मोजकेच पदार्थ खातं, म्हणून आतड्यातल्या जिवाणूंची विविधता घटते. जिवाणू बिघडले म्हणून ऑटिझम झाला, याला तिथे आधार सापडला नाही.

तरीही 'गहू आणि दूध बंद करा' हा सल्ला पेडण्यापर्यंत पोचलाच. खरं तर गव्हावाचून कसं जगावं हे गोव्याला कुणी शिकवायला नको. उकड्या तांदळाची पेज, हुमण-भात, नाचणीचं तिझण हे सगळं घरचंच आहे. पण हे मूल त्यातलं काही खात नाही. ते खातं पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, उंडा पाव आणि चहात बुडवलेलं बिस्किट. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलाचे तेच काढून घेतले की ते पेजेकडे वळत नाही, उपाशी राहतं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण काटेकोर प्रयोगात 14 मुलांना, कुणालाही कळू न देता, आलटून पालटून गव्हातली आणि दुधातली प्रथिनं देऊन पाहिली. झोप, शौच, वागणं, कशातच फरक पडला नाही. सीलिअॅकची, म्हणजे गहू न सोसणाऱ्या आतड्याच्या आजाराची, शंका असेल तर गोष्ट वेगळी. पण त्याची रक्ततपासणी गहू सुरू असतानाच करायची. बंद केल्यावर केली तर ती फसवते.

म्हणून कसबी थेरपिस्ट उंडा काढत नाही. त्याच्या शेजारी पोईचा, म्हणजे कोंड्याच्या पावाचा, नखाएवढा तुकडा ठेवते. खायची सक्ती नाही. आज तो ताटात असला तरी पुष्कळ. पुढे मूल त्याला बोट लावेल, हुंगेल, मोडेल, चाटून थुंकेल. थुंकणं ही प्रगती आहे, हे आजीला पटवणं सगळ्यात अवघड! (पोईही बघून घ्यावी, काही ठिकाणी मैद्यावर नुसता कोंडा भुरभुरलेला असतो.)

शौचाचंही तसंच. नव्या घरांत कमोड आले आणि लहान मुलांचे पाय अधांतरी लोंबू लागले. टेकायला काही नसेल तर जोर लागत नाही. पायाखाली घरातला पाट सरकवला, गुडघे कमरेच्या वर आले, की अर्धं काम होतं. वेळ पेजेनंतरची, कारण पोटात अन्न पडलं की आतडं हालू लागतं. बसवायचं पाचेक मिनिटं, रागावणं वर्ज्य. आधी अडकलेला गोळा मोकळा करायला डॉक्टरांचं औषध लागतं आणि ते अनेकदा महिनोन् महिने चालतं. चार दिवसांत गुण आला म्हणून आईने ते बंद केलं की पुन्हा पहिले पाढे.

ही कामं घरातच होतात, आणि घरी जाऊन काम करण्याची वाट गोव्यात आधीच पडलेली आहे. 1996 पासून इथे असलेल्या 'संगात' संस्थेने गोवा आणि रावळपिंडीतल्या 65 ऑटिस्टिक मुलांसोबत केलेला प्रयोग 2016 साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त छापून आला. तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या घरी जायच्या, आईबाप आणि मुलाच्या खेळाचं चित्रण करून ते आईबापांनाच दाखवायच्या. मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. त्या प्रयोगाचा विषय पोट नव्हता. पण पुढाकार घ्यायला शिकलेलं मूल एक दिवस पोटाच्या चित्रावर बोट ठेवू शकतं, आणि या कामात त्याचं मोल मोठं आहे.

धारगळला डिसेंबर 2022 मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान सुरू झाल्यापासून पेडण्यातल्या घरांना आयुर्वेदाचा दरवाजाही जवळ आला. आजीचं तेल तर होतंच. पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलका हात फिरवायला हरकत नाही. मुलाला आवडत असेल तर उत्तमच. मात्र कुठलं चूर्ण, कुठलं प्रोबायोटिक सुरू आहे ते बालरोगतज्ज्ञाला कळलं पाहिजे. त्यासाठी साधी वही पुरते: काय खाल्लं, शी कधी आणि कशी, झोप किती, चावणं केव्हा. डिचोलीत केशव सेवा साधनासारख्या विशेष शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दप्तरातूनही ती जावी, कारण दुपारचं तिथलं पाणी पिणं घरी कुणाला दिसत नाही.

शौचात रक्त, हिरवी उलटी, फुगून टणक झालेलं पोट, घटणारं वजन यांतलं काही दिसलं तर पाट आणि पोई दोन्ही बाजूला ठेवून थेट बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) गाठायचं. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाचं पोट साफ होत नसेल तर थायरॉइडची तपासणीही मागून घ्यायची.